दुसऱ्या कार्यप्रणालीचे स्वतंत्र बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. सुरक्षाविषयक दुरुस्त्या काही अटींवर आणखी काही काळ मिळतील अशी तरतूद तिने ठेवली. परंतु मुदतवाढ म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे. विंडोज ११ ही पुढची प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सोय आणि तुलनेने अलीकडच्या काळातील प्रोसेसर यांची अट घालते. परिणामी ज्यांचे सारे अवयव धडधाकट आहेत असे असंख्य संगणक केवळ प्रणालीच्या अटीत न बसल्यामुळे निरुपयोगी ठरू पाहत आहेत. विद्यापीठांच्या भाषाविभागांत ज्या यंत्रांवर प्रबंध टंकलिखित होतात, कोशांची कार्डे नोंदली जातात आणि प्रश्नपत्रिका तयार होतात, त्यांतील अनेक यंत्रे याच पिढीची असतात. ती बदलावीत, तशीच चालवावीत, की त्यांच्यावर एखादी दुसरी कार्यप्रणाली बसवावी, हा प्रश्न आता तंत्रज्ञांच्या खोलीपुरता उरलेला नाही. ज्यांचे लेखन त्या यंत्रांत साठले आहे त्या अभ्यासकांचाही तो प्रश्न आहे.

या तीन पर्यायांपैकी तिसरा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भीतिदायक वाटतो. ती भीती कमी करणारी एक वाट फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. संगणकावर जी कार्यप्रणाली नांदत आहे तिच्याच आत राहून दुसरी प्रणाली बसविणे, ही ती वाट होय. तिच्याविषयी जाणकारांत दोन टोकाची मते आढळतात. एक पक्ष तिला भित्र्यांची तडजोड मानतो, तर दुसरा तिलाच अंतिम मुक्काम समजतो. दोन्ही मते तपासून पाहण्याजोगी आहेत. कारण या वाटेचे खरे मूल्य ती कोठे सुरू होते यापेक्षा ती कोठे नेऊन सोडते यावर अवलंबून आहे.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि मनुष्य यांच्यामधली मूळ आज्ञावली. चकतीवर धारिका कोठे ठेवायची, कळ दाबली असता कोणते अक्षर उमटवायचे, कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृती द्यायची, हे सारे तीच ठरविते. मराठी लिहिणाऱ्याचा तिच्याशी येणारा संबंध याहूनही जवळचा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र-काराचे रूप नीट उमटते की नाही, ल आणि श यांची मराठी वळणे दिसतात की हिंदी, शब्दांची यादी अकारविल्हे लावताना ळ कोठे येतो, या गोष्टी प्रणालीतील अक्षरजुळणीच्या यंत्रणेवर, टंकांवर आणि भाषाविषयक नियमावलीवर ठरतात. तरीही बहुतेक वापरकर्त्यांना यंत्र आणि प्रणाली या दोन निराळ्या वस्तू आहेत याचीच कल्पना नसते. यंत्र विकत घेताना प्रणाली त्यात बसवलेलीच येते. जी गोष्ट कधी निवडलीच नाही, ती बदलता येते हेही मग सुचत नाही.

दुसरी प्रणाली बसविण्याचा रूढ मार्ग असा: साठवणीच्या चकतीचे विभाग पाडायचे, बाहेरून आणलेल्या तबकडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे आणि एका विभागावर नवी प्रणाली उतरवायची. या कृतीत एक चुकीची कळ दाबली गेली तर वर्षानुवर्षांचे लेखन पुसले जाण्याचा धोका असतो. हा धोका काल्पनिक नाही, आणि म्हणूनच ‘धाडस करा’ एवढाच उपदेश करणारे लोक सामान्य अभ्यासकाच्या अडचणीकडे दुर्लक्ष करतात. ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे आणि ज्याचा प्रबंध त्यातच आहे, त्याने धास्तावणे हे शहाणपणाचेच लक्षण मानले पाहिजे.

एका प्रणालीच्या आत दुसरी चालविण्याची कल्पना काही आजची नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्या योगाने एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे उभी राहत आणि प्रत्येकावर निराळी कार्यप्रणाली चालविता येई. जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीकडे जाताना नेहमीचे काम न थांबविता नवी प्रणाली पारखून घेणे, हा तिचा एक मोठा उपयोग होता. म्हणजे यजमान प्रणालीच्या पोटात पाहुणी प्रणाली ठेवण्याच्या या व्यवस्थेला आरंभापासूनच स्थलांतराचे साधन म्हणून किंमत होती. हा हेतू पुढच्या काळात अनेकदा विसरला गेला.

स्वतंत्र म्हणून ज्या प्रणालींचा आज गौरव होतो त्यांचा जन्मही परक्या घरातच झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यासमोर रिकामे मैदान नव्हते. युनिक्स प्रणालीवर काम करीतच युनिक्सच्या एकेका साधनाला पर्यायी असे मुक्त साधन घडवीत जाणे, हा त्यांचा मार्ग होता. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे पहिले रूप तयार केले ते मिनिक्स या प्रणालीवर. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबाऊम यांनी अध्यापनासाठी लिहिलेली प्रणाली होती. लिनक्सची पहिली आवृत्ती संकलित करण्यास मिनिक्स लागत असे, आणि धारिका ठेवण्याची तिची पद्धतही मिनिक्सचीच होती. पण त्याच वर्षाच्या अखेरीस लिनक्सचे संकलन लिनक्सवरच होऊ लागले. यजमानाने दिलेल्या आश्रयाची लाज बाळगण्याचे तिला कारण नव्हते; आणि त्या आश्रयात कायम राहण्याचीही तिला गरज उरली नाही. या इतिहासातला महत्त्वाचा दिवस कोणता, असे विचारले तर पहिली ओळ लिहिली गेली तो नव्हे, तर मिनिक्सवाचून काम चालू लागले तो दिवस दाखवावा लागेल.

सामान्य वापरकर्त्यासाठी या वाटेचे दार उघडण्याचे प्रयत्न १९९०च्या दशकातच सुरू झाले. डॉसच्या एखाद्या साध्या निर्देशिकेत लिनक्सच्या धारिका ठेवू देणारी यूएमएसडॉस ही पद्धत, किंवा डॉस चालू असतानाच लिनक्सचा गाभा स्मृतीत चढविणारी लोडलिन ही छोटी आज्ञावली, ही त्यांची उदाहरणे होत. परंतु या कल्पनेला खरी लोकप्रियता लाभली ती वुबी या साधनामुळे. एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू ८.०४ या आवृत्तीबरोबर ते अधिकृतपणे दिले गेले. विंडोजमध्ये एखादा नेहमीचा कार्यक्रम बसवावा त्याप्रमाणे वुबी चालवायचे. भाषा, परवलीचा शब्द आणि जागेचा आकार सांगायचा. आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. विभाग पाडण्याची गरजच नसे. वुबी विंडोजच्या चकतीवर रूट.डिस्क नावाची एक भलीमोठी धारिका तयार करी आणि संपूर्ण उबुंटू त्या एका धारिकेत नांदे. यंत्र सुरू होताना विंडोज हवी की उबुंटू, असा प्रश्न पडद्यावर येई. उबुंटू निवडल्यावर विंडोज झोपलेलीच राही, त्यामुळे यंत्राची स्मृती आणि प्रोसेसर नव्या प्रणालीला पूर्णपणे मिळत. नको झाल्यास विंडोजच्या यादीतून अन्य कार्यक्रमांप्रमाणेच तिला काढून टाकता येई.

या रचनेतील सौजन्य लक्षात घेण्यासारखे आहे. येणाऱ्या माणसाकडून आधीच निष्ठेची शपथ मागावी, असे तिच्यात काही नव्हते. परत जाण्याचा रस्ता मोकळा ठेवूनच ती त्याला आत बोलावीत असे. ज्यांनी आयुष्यात कधी दुसरी प्रणाली पाहिलीही नसती अशांना ती पाहण्याची संधी अशा साधनांनी दिली. पक्क्या भूमीवर उभे राहूनच नवा प्रदेश पाहावा, ही अपेक्षा ज्यांना दुबळेपणाची वाटते त्यांनी या कार्याचे मोल ओळखले नाही, असेच म्हणावे लागते.

तथापि वुबीची दुखणीही तिच्या सौजन्यातूनच उत्पन्न झाली होती. पाहुण्या प्रणालीचे सारे घर यजमानाच्या एका धारिकेत असल्यामुळे यजमानाच्या चकतीला झालेली प्रत्येक इजा तिला भोवत असे. वीज अचानक गेली तर नुकसानीचा धोका अधिक. चकतीवरील वाचन-लेखन काहीसे मंद. यंत्राला दीर्घनिद्रेत पाठविण्याची सोय नाही. सर्वांत बोलका अनुभव विंडोजच्या चकती-दुरुस्तीचा होता. चकतीवर बिघाड आढळला की विंडोजची दुरुस्तीयंत्रणा तुटक्या वाटणाऱ्या धारिका गोळा करून फाउंड नावाच्या एका लपलेल्या निर्देशिकेत टाकून देई, आणि कधीकधी त्यांत रूट.डिस्कही जाई. एकाचे संपूर्ण घर दुसऱ्याच्या लेखी केवळ राडारोडा ठरत असे. यात विंडोजचा दुष्टावा नव्हता. तिच्या दृष्टीने ती एक धारिका होती, इतकेच. दुसऱ्याच्या नोंदवहीत आपले अस्तित्व एका ओळीपुरते असणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून कळते.

पुढे विंडोज ८ बरोबर यूईएफआय ही यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत सर्वत्र रुळली. वुबीची जुनी युक्ती तिच्याशी जुळेना, आणि एप्रिल २०१३ च्या उबुंटू १३.०४ या आवृत्तीतून तिला वगळण्यात आले. यजमानाने आपल्या दाराची घडण बदलली आणि पाहुण्याची चावी निरुपयोगी झाली. त्या दाराच्या घडणीत पाहुण्याचे मत विचारात घेण्याचे यजमानावर बंधन नव्हते.

त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. ज्या प्रणालीत वुबी चोरपावलांनी शिरत होती, त्या विंडोजनेच २०१६ मध्ये लिनक्सला आत घेतले. विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजेच डब्ल्यूएसएल, ही सोय त्या वर्षी विंडोज १० मध्ये आली. पहिल्या रूपात लिनक्सचा गाभा नव्हताच. लिनक्सच्या कार्यक्रमांची मागणी विंडोजच्या भाषेत उलगडून सांगणारा एक दुभाषी होता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या रूपात खराखुरा गाभा एका हलक्या आभासी यंत्रात बसविण्यात आला. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या साधनाची संहिताही खुली केली. आज एकाच आज्ञेत विंडोजवर लिनक्स उभी राहते. पूर्वी जे काम कष्टसाध्य होते ते इतके सुकर झाले याबद्दल कृतज्ञ राहण्यास हरकत नाही.

परंतु रचना पाहिली तर जुनी गोष्टच नव्या वेषात परतलेली दिसते. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या रूपातही लिनक्सच्या साऱ्या धारिका विंडोजच्या चकतीवरील एका मोठ्या धारिकेत राहतात. वुबीत निदान विंडोज झोपलेली असे. येथे ती सदैव जागी असते. ती सुरू झाल्याखेरीज लिनक्स सुरू होत नाही आणि ती थांबली की लिनक्स थांबते. एखाद्या भाड्याच्या घरातील पोटभाडेकरूची जी स्थिती असते तीच या प्रणालीची आहे. खोली स्वच्छ आहे, भाडे माफक आहे, मालकही सध्या प्रसन्न आहे. पण मूळ भाडेकरार ज्या दिवशी संपेल त्या दिवशी पोटभाडेकरूला वेगळी नोटीस देण्याचीही गरज राहणार नाही. विंडोज १० चा आधार संपला तेव्हा तिच्या पोटातील लिनक्सला स्वत:च्या दुरुस्त्या मिळत राहिल्या असल्या, तरी तिचे छप्पर मात्र जुनेच राहिले. म्हणून लिनक्स ‘वापरून पाहिली’ आणि लिनक्सवर ‘गेलो’ या दोन विधानांत गल्लत होऊ देता कामा नये.

पाहुणी प्रणाली कोणत्या तंत्राने बसविली याला गौण महत्त्व आहे. यजमान काढून घेतला तर ती जगते काय, ही एकच कसोटी तिच्या स्वातंत्र्याची आहे. या कसोटीवर वुबी उतरत नाही, डब्ल्यूएसएल उतरत नाही आणि आभासी यंत्रे चालविणारी व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधनेही उतरत नाहीत. मात्र आतून बसविण्याचा एक तिसरा प्रकार या कसोटीला पूर्णपणे उतरतो. डेबियनच्या स्वयंसेवकांनी विंडोजमधून चालणारी एक आज्ञावली तयार केली होती. ती विंडोजवर कायमचे बस्तान न मांडता, यंत्र पुन्हा सुरू होताच डेबियनची खरी प्रतिष्ठापना सुरू करून देई. चालू असलेल्या लिनक्स प्रणालीच्या आतून रिकाम्या विभागावर संपूर्ण डेबियन रचणारे डिबूटस्ट्रॅप हे साधन तर आजही वापरात आहे. जुनी प्रणाली येथे पाडाला लावलेल्या शिडीचे काम करते. भिंत उभी राहिली की पाड काढून घेता येतो आणि भिंतीला काही होत नाही. आतून प्रवेश, पण पाया स्वत:चा, असा हा मेळ आहे.

या विवेचनाचा मराठीच्या अभ्यासकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की देवनागरी स्वत: या अवस्थेतून गेलेली आहे. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणकात देवनागरीला स्थान नव्हते. जिस्ट नावाचे एक कार्ड डॉसच्या यंत्रात बसविले म्हणजे पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने सर्वदूर नेले. म्हणजे देवनागरी तेव्हा यंत्रात पाहुणी होती. कार्ड काढले की तीही जाई. पण त्याच काळात इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली आखली गेली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वत:ची १२८ स्थाने मिळाली, ती इस्कीच्याच आधारे. विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, संस्कृत व कोकणी यांसाठी देवनागरीचा आधार थेट प्रणालीत आला. पाहुणी घरची झाली, त्याला संकेताचे प्रमाणीकरण कारणीभूत होते. प्रमाण संकेतात लिहिलेला मजकूर कोणत्याही घरात नेता येतो.

ज्यांनी प्रमाण संकेत सोडून केवळ टंकांवर विसंबून लिहिले त्यांची कथा निराळी आहे. १९९०च्या आणि त्यानंतरच्या दशकात हजारो मराठी पृष्ठे अशा टंकांत जुळविली गेली की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या होत्या. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असे. तो टंक ज्या यंत्रावर नाही तेथे ती धारिका उघडली की त्यातले मराठी नाहीसे होते. अशा धारिकेत एखादा शब्द शोधता येत नाही, तिची सूची लावता येत नाही आणि तिचा कोशासाठी उपयोग करता येत नाही. अनेक विभागांच्या कपाटांतील तबकड्यांवर आजही असे प्रबंध आणि संपादित संहिता पडून आहेत. नेहमीच्या यंत्रावर ते नीट दिसतात, म्हणूनच त्यांची अवस्था कोणाच्या लक्षात येत नाही.

पाहुण्या प्रणालीचा भाषेच्या अभ्यासकाला होणारा सर्वांत मोठा उपयोग येथे दिसतो. ती त्याच्या लेखनाची कसोटी आहे. आपल्या विंडोजमध्ये एक आभासी यंत्र किंवा डब्ल्यूएसएल उभी करावी आणि जुन्या धारिका तेथे उघडून पाहाव्यात. जे लेखन तेथेही शुद्ध मराठीत वाचता येईल ते लेखकाचे आहे. जे कचऱ्यासारखे दिसेल ते अद्याप कोणा टंकनिर्मात्याच्या ताब्यात आहे. यजमान प्रणाली अजून चालू आहे आणि जुना टंक अजून हाताशी आहे, तोवर असे लेखन युनिकोडमध्ये आणता येते. ते यंत्र भंगारात गेल्यावर हीच गोष्ट कितीतरी अवघड होते. दोन्ही प्रणाली एकाच वेळी जवळ असण्याचा काळ हा म्हणूनच मोलाचा काळ आहे, आणि तो फार लांबणारा नाही.

मराठी वाचकाला आतून शिरण्याच्या या रीतीची ओळख दुसऱ्या एका क्षेत्रातून आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना मराठीच्या दारातून इंग्रजीत नेले. मराठी वाक्य वाचायचे, त्याचे इंग्रजी करायचे, नियम पाठ करायचा, अशी ती पद्धत. तिच्यावाचून त्या पिढ्यांना इंग्रजी दुर्लभ राहिली असती. पण जो जन्मभर प्रत्येक वाक्य मनात मराठीत जुळवून मगच इंग्रजीत उतरवीत राहिला, त्याला ती भाषा आली असे कोणी म्हटले नाही. पाठमाला बाजूला ठेवूनही वाक्य सुचू लागले म्हणजे अध्ययन सफल झाले. दुसऱ्या कार्यप्रणालीच्या बाबतीतही आतले दार आणि बाहेरचे अंगण यांचे नाते असेच आहे.

यावर काही आक्षेप संभवतात आणि त्यांत तथ्यही आहे. भाषेच्या प्राध्यापकाने आपला वेळ संहितेवर घालवावा की प्रणाली बसविण्यात, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर असे की संहिता ज्या कागदावर टिकते त्या कागदाची चिंता हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी नेहमीच केली आहे. पोथीला वाळवी लागू नये म्हणून काय करावे हे ज्याला कळते तो काही रसायनशास्त्रज्ञ होत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. मराठी मुद्रणव्यवसायात रूढ असलेले कित्येक कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालतात, आणि काही मुद्रणयंत्रे व प्रतिमाग्राहक यांच्यासाठीही तीच प्रणाली लागते. ज्यांचे काम अशा साधनांवर अडलेले आहे त्यांनी विंडोज ठेवावी यात काही वावगे नाही. परंतु लिब्रेऑफिससारखा लेखनाचा कार्यक्रम दोन्ही प्रणालींवर चालतो. छापील पानावरील मराठी ओळखून तिचे मजकुरात रूपांतर करणारा टेसरॅक्टही दोन्हीकडे चालतो. इनस्क्रिप्ट हा १९८६ मध्ये ठरलेला कळफलक दोन्हीकडे एकच आहे. बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. जो आजपासून अशाच साधनांवर काम करील त्याचे स्थलांतर प्रणाली बदलण्याआधीच निम्मे झालेले असेल.

तिसरा आक्षेप धोक्याचा आहे, आणि त्याला सावधगिरी हेच उत्तर होय. स्वतंत्र विभागावर जाताना सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या चकतीवर आधी घ्यावी. विंडोजची चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून घ्यावी. यंत्र सुरू होण्याची रीत बदलताच ती मागितली जाण्याचा संभव असतो. विंडोजमधील शीघ्र आरंभाची सोय बंद करावी; कारण त्या सोयीत विंडोज पुरती बंद न होता अर्धवट निजते, आणि तिचा विभाग दुसऱ्या प्रणालीने लिहिण्यासाठी वापरणे सुरक्षित राहत नाही. या तीन गोष्टी पाळल्या तर ज्या दुर्घटनांच्या कथा ऐकून लोक बिचकतात त्यांतील पुष्कळशा टळतात.

भारतात हा मार्ग संस्थात्मक पातळीवर चोखाळला गेल्याची उदाहरणेही आहेत. केरळात २००१ मध्ये आरंभ झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाने शासकीय शाळांतील संगणकशिक्षण पुढे मुक्त प्रणालीवर नेले, आणि मल्याळम भाषेसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या परिश्रमांची त्याला जोड मिळाली. सी-डॅकने डेबियनच्या आधारे बॉस ही भारतीय भाषांची दखल घेणारी प्रणाली २००७ पासून उपलब्ध करून दिली. या उपक्रमांचे यश सर्वत्र सारखे नाही. पण केरळच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते: प्रणाली बदलण्याचा निर्णय शिक्षकांच्या प्रशिक्षणासह घेतला गेला तर तो टिकतो, केवळ परिपत्रकाने तो टिकत नाही.

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांतल्या मराठी विभागांना तर याची गरज अधिकच आहे. तेथे यंत्रांची देखभाल करणाऱ्यास बहुधा मराठी येत नाही, आणि ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ असा उमटला तर त्यात बिघडले काय हे त्याला समजत नाही. ती जाण विभागातच असली पाहिजे. म्हणून संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात दोन-चार तासिका या विषयास द्याव्यात. विद्यार्थ्याने चालू प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली उभारावी, आपला मजकूर तेथे पारखावा, जुन्या टंकांतील एखादे प्रकरण युनिकोडमध्ये आणावे आणि शेवटी विभागातील एखाद्या निवृत्त यंत्रावर ती प्रणाली स्वतंत्रपणे बसवावी. यातील शेवटची पायरी वगळू नये. पहिल्या तीन पायऱ्यांनी ओळख होते. चौथीने आत्मविश्वास येतो.

विंडोज वाईट आणि लिनक्स चांगली, असा हा वाद नव्हे. ज्याला विंडोजवर राहणे सोयीचे आहे त्याने खुशाल राहावे. मात्र ते राहणे त्याच्या निवडीचे असावे. निघून जाता येते हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याचे लेखन बरोबर नेण्याजोगे आहे, त्याचेच राहणे निवडीचे म्हणता येईल. चालू प्रणालीच्या आतून दुसरी बसविण्याची सोय ही या निवडीची पहिली पायरी आहे. तिला हसू नये आणि तिच्यावरच बसूनही राहू नये. बिऱ्हाड थाटायचे असेल तर पाहुणा म्हणून चार दिवस राहून गाव पाहणे रास्तच असते. पण त्या चार दिवसांत जागेचा शोधही घ्यावा लागतो.